मोकळी राखण

उज्ज्वला गोळी गिळत नव्हती. ती पातेलंभर पाण्यात विरघळवून चमच्याचमच्यानं सगळ्या गल्लीला वाटत होती. हे कळलं तेव्हा वर्षाराणी धाकट्या बहिणीवर इतकी भडकली, की मास्क हनुवटीखाली ओढून ओरडू लागली.

"अगं, एका माणसाची गोळी आहे ती! रोज एक, एकालाच. अशी वाटलीस तर कुणालाच पुरत नाही. हे काय देवळातलं तीर्थ आहे का?"

"मग एकटीच खाऊ?" उज्ज्वला सुपातली हळकुंडं निवडत शांतपणे म्हणाली. "आक्का, सगळी गल्ली घोगऱ्यानं गेली आन् मी एकटी ऱ्हायली, तर नळावर बोलू कुणाशी?"

 वर्षाराणीनं मास्क वर ओढला आणि पर्समधली पुडी बहिणीच्या हातात दिली. तिच्या औषध कंपनीच्या कारखान्यात पाकीट भरताना ज्या गोळ्या तुटतात त्या जाळून टाकायचा नियम होता. वर्षाराणी त्यातल्या थोड्या बाजूला काढत असे. विषाणूचे नमुने गोळा करायला तिला सांगलीच्या इस्पितळांत यायचा पास होता, आणि इस्पितळातून मार्केट यार्डामागची ही हमालांची गल्ली जवळच होती.

दोघी एकाच घरात वाढल्या होत्या. वडील गेले तेव्हा वर्षाराणी कॉलेजात होती आणि उज्ज्वला शाळेत. दोघींपैकी एकीचंच शिक्षण पुढे चालणार हे उघड होतं. कुणी काही बोलायच्या आत उज्ज्वलानं दप्तर आईच्या ट्रंकेत ठेवलं आणि हळदीच्या गोदामात कामाला जाऊ लागली. पुढे यार्डातल्याच अजित नावाच्या हमालाशी तिचं लग्न झालं, ईश्वरी झाली. वर्षाराणी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झाली, प्राणवेध कंपनीत लागली आणि मिरजेच्या पुढे डोंगराच्या उतारावर बांधलेल्या 'प्युअर हिल्स' या वसाहतीत शिक्षक नवऱ्याबरोबर, मकरंदबरोबर, राहायला गेली. बंगले धनवंतांचे, आणि कडेला कंपनीच्या कर्मचाऱ्यांसाठी एक इमारत. तरी कुंपण सगळ्यांना एकच होतं.

घोगरा आला तेव्हा त्याला मोठं शास्त्रीय नाव होतं, पण ते कुणी वापरलं नाही. आजाराची पहिली खूण म्हणजे आवाज बसायचा. मग फुप्फुसं भरायची. लस निघाली, पण विषाणू इतका भराभर बदलायचा की लस बाजारात येईपर्यंत जुनी होई. तेव्हा प्राणवेधच्या शास्त्रज्ञांनी वेगळाच विचार केला. माणसाच्या नाकात जिवाणूंची वस्ती असतेच, जन्मापासून मरेपर्यंत. त्यातले बहुतेक निरुपद्रवी असतात. त्यातल्याच एका साध्या जिवाणूत त्यांनी एक नवा जनुक बसवला. त्यामुळे तो एक छोटंसं प्रथिन तयार करू लागला, आणि ज्या आकड्यानं विषाणू आपल्या पेशीला धरतो, त्या आकड्यावरच हे प्रथिन जाऊन बसे. विषाणू नाकात आला तरी त्याला धरायला जागाच उरत नसे. विषाणू कितीही बदलला तरी आकडा फारसा बदलत नव्हता. या जिवाणूला कंपनीनं नाव दिलं 'राखण'.

यातली खरी गंमत अशी होती, की जिवाणू जिवंत असतो. तो वाढतो आणि पसरतो. आईकडून लेकराला जातो, एका ताटात जेवणाऱ्यांना लागतो, शिंकेतून शेजाऱ्याकडे पोचतो. थेंबभर राखण एका माणसाच्या नाकात सोडली असती, तर रोग पसरतो त्याच वाटेनं त्याच्यावरचा उपायही गावभर फुकट पसरला असता.

मग कंपनीनं विकायचं काय?

म्हणून राखण मुद्दाम पांगळी करण्यात आली. स्वतःभोवतीचं कवच बांधायला तिला एक असा पदार्थ लागेल, जो निसर्गात कुठेच मिळत नाही, फक्त कारखान्यात बनतो, अशी व्यवस्था केली गेली. रोजची गोळी म्हणजे त्या जिवाणूचं रोजचं जेवण. गोळी थांबली की थोड्याच दिवसांत राखण मरे. वर्षाराणीच्या नाकातून ती बहिणीच्या गल्लीत पोचली होती, पण तगायला तिथंही गोळी लागे. माणसानं बनवलेला जीव मोकाट सुटू नये म्हणून ही खबरदारी घेतली आहे, असं कंपनी सांगायची. ते खोटं नव्हतं. पण वर्षभर गोळी घेणं कुणाला परवडेल याचं उत्तर त्याच खबरदारीत होतं. सरकारनं पोलिसांसाठी आणि डॉक्टरांसाठी गोळ्या घेतल्या, आणि बाकीच्यांना मास्क वापरा म्हणून सांगितलं.

पावसाळ्याच्या सुमारास कारखान्यात तपासणी कडक झाली. तुटक्या गोळ्या मोजून भट्टीत जाऊ लागल्या, आणि वर्षाराणीची पुडी बंद झाली. नेमकी त्याच वेळी घोगऱ्याची मोठी लाट आली. सांगलीत इस्पितळांच्या व्हरांड्यांत माणसं झोपली. यार्डातले सौदे थांबले. वर्षाराणी रोज भीत भीत बहिणीला फोन लावायची आणि ती काय बोलते यापेक्षा तिचा आवाज कसा आहे इकडे कान द्यायची.

आवाज खणखणीत होता. अजितचाही आणि ईश्वरीचाही.

"गल्लीत कुणाचा बसलाय का?"

"कुणाचाच न्हाई बघ. पलीकडं वखारभागात रोज मढी न्यायला गाडी येतीया. आमच्याकडं देवाची कृपा."

वर्षाराणीचा देवावर विश्वास होता, पण इतका नव्हता. पुढच्या फेरीत ती गल्लीत गेली आणि ईश्वरीच्या नाकात काडी फिरवून नमुना घेतला. मुलगी खिदळली. "मावशी, गुदगुल्या!"

प्रयोगशाळेत तिनं तो नमुना दोन बश्यांवर वाढायला ठेवला. एका बशीत गोळीतला पदार्थ होता, दुसरीत नव्हता. दुसऱ्या बशीत राखण जगूच शकत नव्हती. पण झाकण उघडलं तेव्हा त्या बशीवर मोत्यांसारखे पांढरे ठिपके दाटीनं उगवलेले होते. आपण बश्या अदलाबदल केल्या असं वाटून तिनं सगळं पुन्हा केलं. पुन्हा तेच.

मग तिच्या लक्षात आलं काय झालं असावं ते, आणि ती खुर्चीत बसली.

जिवाणूला पोटभर दिलं तर त्याला बदलायची गरज नसते. काहीच दिलं नाही तर तो मरतो. पण अर्धपोटी ठेवलं, मरू न देता आणि पोट भरू न देता, आणि तेही कितीतरी नाकांत, कितीतरी पिढ्या, तर त्यातला एखादा बदलतो. निसर्गात मिळणाऱ्या दुसऱ्याच कशावर तरी भागवायला शिकतो. मग गोळीची गरजच उरत नाही. कंपनीनं सगळ्या शक्यता तपासल्या होत्या, पण एक गोळी गल्लीभर वाटून खाणारी माणसं त्यांच्या डोळ्यांसमोर कधी आलीच नव्हती. उज्ज्वलाच्या पातेल्यातून राखण मोकळी झाली होती.

वर्षाराणीनं कुणालाही सांगितलं नाही. बशी तिनं शीतपेटीत मागच्या बाजूला दडवली आणि पुढच्या फेरीत बहिणीला घराच्या मागे नेऊन सांगितलं, "उजे, आता नीट ऐक. नाकात काही घालायचं नाही. वाफ नाही, तेल नाही, कुणी औषध दिलं तरी नाही. आणि माणसांत मिसळा. वखारभागात जा, यार्डात जा. एका ग्लासातून पाणी प्या, एका ताटात जेवा."

"आक्का, शुद्धीवर हायस न्हवं? दोन वर्सं झाली, लांब ऱ्हावा, लांब ऱ्हावा म्हणून जीव खाल्लास."

"तेव्हा आजार पसरत होता. आता तुमच्याकडून बरं होणं पसरेल."

 उज्ज्वला हसली. "मग अजितला सांगते, त्याच्या दोस्तांस्नी जेवायला बोलाव. किती दिसांनी घरात माणसं येतील."

त्यानंतरच्या दिवसांत वर्षाराणीला कधी नव्हे तो हुरूप आला होता. इस्पितळातून येणाऱ्या नमुन्यांत तिला मोकळी राखण दिसू लागली, आधी यार्डाच्या आसपास, मग वखारभागात, मग थेट नदीपलीकडे. ती मनातल्या मनात नकाशा रंगवत होती. वर्षभरात जिल्हा, दोन वर्षांत राज्य. कुणाकडे काही मागायला नको.

स्वतःबद्दल तिनं विचार केला नव्हता असं नाही. तिच्या नाकात आधीच पोटभर जेवणारी राखण ठाण मांडून होती. उपाशी राहून शिकलेल्या नव्या राखणीला तिथं शिरकाव मिळणार नाही, असा तिचा अंदाज होता. तो चुकला. एके दिवशी ती प्युअर हिल्सच्या फाटकावर आली आणि नेहमीसारखी यंत्राच्या नळीत नाकानं फुंकर मारली. नाकात विषाणू नसेल तर या यंत्रावर हिरवा दिवा लागतो, असेल तर लाल. त्या दिवशी पिवळा लागला, म्हणजे यंत्राला न ओळखता आलेलं काही तरी. पहारेकरी गोंधळून दिव्याकडे आणि तिच्याकडे पाहत राहिला.

तिला काचेच्या खोलीत ठेवलं. नाकात जिवाणू मारणारं मलम घातलं, दिवसभर, पुन्हा पुन्हा. शीतपेटीतली बशी त्यांना सापडली होती. संध्याकाळी डॉ. बिवलकर काचेपलीकडे खुर्ची घेऊन बसले. राखण ज्यांनी तयार केली त्यांच्यातले ते प्रमुख. कधी आवाज न चढवणारा माणूस.

"वर्षा, हा अद्भुत जीव आहे," ते म्हणाले. "कुठून आणलास?"

तिनं मलमानं बरबटलेलं नाक रुमालानं पुसलं.

"मी तुला गुन्हेगार समजत नाही. पण तू सूक्ष्मजीवशास्त्र शिकली आहेस. एकदा सुटलेला जीव पुढे आणखी कसा बदलेल, तू सांगू शकतेस? आज राखण करतोय. उद्या?"

"उद्याचं मला माहीत नाही, सर. आज तिथली माणसं मरत नाहीत, एवढं माहीत आहे."

"तिथली म्हणजे कुठली?"

तिनं काचेकडे पाठ केली. बिवलकर उठले. "मकरंदच्या फुंकरीलाही पिवळा दिवा लागला. त्यांना दमा आहे ना? मलम त्यांनाही लावलंय. त्यामुळे आता त्यांच्या नाकात कुठलीच राखण नाही. नवी द्यायची तर वसाहतीचा सदस्य असावा लागतो. माझ्या हातात फारसं नाही."

थोड्या वेळानं मकरंदला काचेपाशी आणलं. त्याची शाळा बंद पडल्यापासून तो तिच्याच नावावर इथं राहत होता. नेहमी तिची चेष्टा करणारा हा माणूस त्या दिवशी जमिनीकडे पाहत बोलला.

"सांगून टाक, वर्षा. त्यांना आज ना उद्या कळणारच आहे. ते अभ्यास करतील, चांगलं निघालं तर सगळ्यांना देतील म्हणतायत."

"तुला पटतंय ते?"

"मला बाहेर जायची भीती वाटते," मकरंद म्हणाला. तो खरं बोलला म्हणून तिला त्याचा राग करता आला नाही.

तिनं गल्ली सांगितली.

दोन दिवसांनी तिचा फोन वाजला. ती अजून काचेच्या खोलीतच होती. फोन बिवलकरांच्या टेबलावर असे. त्यांनी नाव पाहिलं, स्पीकर चालू केला आणि फोन काचेतल्या जाळीजवळ धरला.

"आक्का, तुझ्या कंपनीची गाडी आलीया," उज्ज्वला घाईघाईत बोलत होती. मागे लोकांचा गलका होता. "तांदूळ देत्यात, तेल देत्यात, डाळ देत्यात. आन् नाकात लावायचं मलम. त्यांच्यासमोर लावल्याबिगर तांदूळ न्हाई. अजित म्हणतोय, काम बंद हाय, घेऊया. पण तू म्हणाली होतीस नाकात काय घालू नगा. सगळी गल्ली माझ्या तोंडाकडं बघायलीया. लावू का?"

वर्षाराणीनं बिवलकरांकडे पाहिलं. ते तिला धमकावत नव्हते. चष्मा काढून पुसत होते. नाही म्हटलं तर गाडीबरोबर उद्या पोलीस येतील, हे तिला माहीत होतं. नाही म्हटलं तर मकरंद आजच फाटकाबाहेर असेल, हेही माहीत होतं. आणि गल्लीतली माणसं आज घराघरातून पळाली, पाहुण्यांकडे पांगली, तर राखण वाचेल, हेही तिला तितकंच नीट माहीत होतं. त्यासाठी एकच शब्द पुरेसा होता.

"आक्का? ऐकू येतंय न्हवं?"

"लाव," वर्षाराणी म्हणाली.

"लावू? नक्की?"

"लाव, उजे. काही होत नाही."

"बरं झालं बाई विचारलं," उज्ज्वला म्हणाली आणि फोन ठेवून दिला. ठेवताना ती कुणाला तरी मोठ्यानं सांगत होती, "आक्का म्हणतीया लावा."

यार्ड, वखारभाग, नदीपलीकडची वस्ती, सगळीकडे गाडी फिरली. तांदळाच्या पिशवीसाठी रांगा लागल्या. मलम न लावणारे फार थोडे निघाले, आणि त्यांच्या घरी पोलीस गेले. वर्षाराणी कामावर परतल्यावर कित्येक महिने इस्पितळातल्या नमुन्यांत तो पांढरा ठिपका शोधत राहिली. कुठल्या तरी कोपऱ्यात, कुणाच्या तरी नाकात उरला असेल. बश्या कोऱ्याच निघाल्या.

दिवाळीनंतर घोगरा पुन्हा आला. या वेळी गल्लीतच आला.

अजितनं फोन केला तेव्हा तिला आधी आवाजच ओळखू येईना. पत्र्यावर पत्रा घासावा तसा. "वैनी," तो म्हणाला. मेव्हणीला तो थट्टेनं वैनीच म्हणायचा. "इस्पितळात खाट मिळंल का बघा की. उजाला म्हटलं तुम्हाला सांगू नगो, तुम्ही काळजी करता."

खाट मिळाली नाही. वर्षाराणीनं ओळख लावून व्हरांड्यात एक गादी मिळवली. पोतीच्या पोती उचलणारा अजित शेवटी स्वतःचा हात उचलू शकला नाही. गल्लीतली अजून कितीतरी माणसं गेली. ईश्वरी वाचली, पण चार पावलं चालली की तिला दम लागायचा.

उन्हाळ्यात प्युअर हिल्सच्या क्लब हाउसमध्ये समारंभ झाला. प्राणवेधनं नवी राखण आणली होती: रोजची गोळी नको, एकदाच घ्या, जन्मभर पुरेल. ती एका नाकातून दुसऱ्या नाकात जाणार नाही, अशी नवी सोय तिच्यात केलेली होती. बाहेरच्या किमतीत सांगलीत एक घर आलं असतं. कर्मचाऱ्यांना आणि त्यांच्या जोडीदारांना मात्र कंपनीकडून भेट. बिवलकरांनी भाषणात सांगितलं, की मूळ जीव अत्यंत कठीण परिस्थितीत, क्षेत्रीय संशोधनातून मिळाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग एक परिचारिका रांगेतून फिरली आणि प्रत्येकाच्या नाकात एक थेंब सोडत गेली. वर्षाराणीची पाळी आली. तिनं मान मागे केली.

त्यानंतर ती गल्लीत गेली. अजितच्या मरणानंतर पहिल्यांदाच.

उज्ज्वला दारातच बसून हळकुंडं निवडत होती. बहिणीला पाहून तिनं सूप बाजूला सारलं, बसायला पोतं अंथरलं. "ईशू, मावशी आलीया. पाणी आण." ईश्वरी भिंत धरत धरत पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि धापा टाकत आईला टेकून बसली.

वर्षाराणीनं ठरवून आणलेलं सगळं सांगितलं. ईश्वरीच्या नाकातून काय मिळालं होतं, मलमानं काय गेलं, आता ते काय म्हणून विकलं जातंय.  सांगून संपल्यावर उज्ज्वलानं विचारलं.

"मी फोन केल्ता तवा तुला ठाऊक होतं?"

"हो."

"सगळं?"

"सगळं."

उज्ज्वला हळदीनं पिवळी झालेली बोटं पदराला पुसत राहिली. "मग आता तरी खोटं बोलायचंस, आक्का," ती म्हणाली. "न्हाई म्हणायचंस. मी मानलं असतं."

वर्षाराणीला रडू आवरेना. ईश्वरी घाबरून आईकडे पाहू लागली. उज्ज्वलानं लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला.

"ते नवं, ह्या पोरीला मिळंल का?"

"नाही मिळणार. मी विचारलं."

"तुला दिलं?"

वर्षाराणीनं मानेनंच हो म्हटलं.

"बरं झालं," उज्ज्वला म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. वर्षाराणीला तो असता तर बरं वाटलं असतं. "एकीला तरी मिळालं. दाजींना जप."

तिनं सूप पुन्हा पुढ्यात ओढलं. वर्षाराणी उठली, चपला घातल्या. उज्ज्वला मान वर न करता म्हणाली, "आन् आक्का, आता येत नगो जाऊस. राग म्हणून न्हाई. मीच समद्यांस्नी सांगितल्तं, आक्का म्हणतीया लावा. तू आलीस की त्यांस्नी ते आठवतंय. मग माझ्याशी कोण बोलत न्हाई."

गल्लीत बाहेर आल्यावर वर्षाराणीनं पाहिलं. भर दुपार होती, हवा तापलेली होती, आणि तरी, ती आली तेव्हा उघडी असलेली दोन्ही बाजूंची सगळी दारं आता लावलेली होती.